एक्स्चेंजमध्ये जुन्या गाडीचे नेमके किती मिळतात?

वाचकाचं पत्र

आम्ही सिंहगड रस्त्यावर राहतो. मी शाळेत शिक्षिका आहे, हे दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमची पेट्रोल हॅचबॅक २०१७ सालची, ५८,००० किलोमीटर चाललेली, पहिल्यापासून आमच्याकडेच आहे. एकही क्लेम घेतलेला नाही. आता जरा उंच, चढ-उतार करायला सोपी गाडी घ्यायची आहे. शोरूमने ऑनरोड ९,९५,००० सांगितले. जुन्या गाडीचे ३,१०,००० आणि एक्स्चेंज बोनस ३०,०००, असे ३,४०,००० वजा करून वरचे ६,५५,००० भरा म्हणाले. नंतर मी फोन करून ‘जुनी गाडी दिली नाही तर?’ असं विचारलं, तेव्हा नव्या गाडीवर २०,००० सूट देऊ म्हणाले. जुन्या गाड्या घेणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीने आधी ३,६५,००० दाखवले आणि घरी येऊन गाडी पाहिल्यावर ३,२८,००० वर आले. सोसायटीतले एक गृहस्थ ३,६०,००० देतो म्हणतात, २ लाख रोख लगेच आणि बाकीचे दोन महिन्यांनी. वाईचे माझे मेहुणे म्हणतात, चार लाखांच्या खाली हलू नका. ह्यांचं म्हणणं, विम्याच्या कागदावरच ३,८५,००० लिहिले आहेत. डॅलसला असलेला मुलगा सांगतो, एक्स्चेंजच करा, टॅक्स वाचतो. गाडीचं कर्ज २०२२ साली फिटलं, पण आरसीवर बँकेचं नाव अजून दिसतं. गाडी ह्यांच्या नावावर आहे, नवी माझ्या नावावर घ्यायचं ठरतंय. इतक्या आकड्यांतला खरा कुठला?

उत्तर

ताई, तुम्ही शोरूमला केलेला तो दुसरा फोन फार मोलाचा आहे. बहुतेक लोक तो करत नाहीत, आणि त्याच्याशिवाय हा हिशेब सुटतच नाही.

जुन्या गाडीसमोर शोरूम काय आकडा लिहितं, ते सध्या बाजूला ठेवा. दोनच रकमा घ्या. एक, जुनी गाडी न देता नवी गाडी तुम्हाला कितीला पडेल. दुसरी, जुनी गाडी दिल्यावर खिशातून किती जाणार. या दोहोंतला फरक म्हणजे एक्स्चेंजमध्ये तुमच्या गाडीला मिळालेली किंमत. जुनी गाडी न देता नवी पडते ९,९५,००० वजा २०,०००, म्हणजे ९,७५,०००. देऊन भरायचे ६,५५,०००. फरक ३,२०,०००. शोरूम तुमच्या गाडीचे ३,२०,००० देतंय, ३,४०,००० नव्हे. ३०,००० च्या बोनसमधले २०,००० तुम्हाला जुनी गाडी न देताही मिळणारच होते. ते सूट या नावाखालून काढून बोनस या नावाखाली ठेवले आहेत. या खिशातले त्या खिशात गेले, इतकंच.

यात कुणी खोटं बोललं असं मी म्हणत नाही. कंपन्यांच्या योजना महिन्यागणिक बदलतात, आणि कोणती सूट कोणत्या सुटीबरोबर चालते याचे त्यांचे नियम असतात. पण जुन्या गाडीची किंमत, बोनस आणि सूट या तीन आकड्यांपैकी एक वाढवून दुसरा कमी करणं शोरूमला अगदी सोपं असतं. ‘काका, तुमच्या गाडीचे आणखी दहा हजार वाढवून देतो’ असं म्हणणारा सेल्समन तेवढेच दहा हजार नव्या गाडीच्या सुटीतून किंवा ॲक्सेसरीजमधून भरून काढू शकतो. आपण जुन्या गाडीत गुंतलेले असतो. तिच्या किमतीत आपला मान अडकलेला असतो, त्यामुळे तिथे दहा हजार वाढले की आपण खूश होतो आणि उरलेला कागद नीट वाचत नाही.

म्हणून पुढच्या वेळी शोरूममध्ये जाल तेव्हा क्रम उलटा ठेवा. आधी फक्त नव्या गाडीचं बोला. ऑनरोड किंमत फोडून मागा: एक्स शोरूम (रोड टॅक्स, विमा वगैरे धरण्याआधीची किंमत) किती, रोड टॅक्स किती, विमा किती, नोंदणी आणि फास्टॅग किती, ॲक्सेसरीज किती. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये एक्स शोरूम ८,४०,०००, रोड टॅक्स ९२,४००, विमा ४२,०००, ॲक्सेसरीज १५,००० आणि नोंदणी वगैरे ५,६०० आहे. यातल्या पहिल्या दोन रकमांना हात लागत नाही. एक्स शोरूम कंपनी ठरवते, आणि दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के एकरकमी कर आहे, तो सरकारकडे जातो. मात्र विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून दोन कोटेशन मागवलीत तर शोरूमचा आकडा बहुधा आपोआप खाली येतो. १५,००० च्या ॲक्सेसरीजमध्ये सीट कव्हर, मॅट आणि मडफ्लॅप असतील, तर तेच सामान बाहेर कितीला मिळतं ते एकदा विचारून बघा. नव्या गाडीची अखेरची किंमत व्हॉट्सॲपवर किंवा कागदावर लिहून घ्या, आणि मगच जुन्या गाडीचा विषय काढा.

तेव्हा सरळ विचारा: ‘२०,००० ची सूट आणि ३०,००० चा बोनस, दोन्ही एकत्र देता का?’ पुष्कळ योजनांत दोन्ही बसतात. ते हो म्हणाले तर वरचे ६,३५,००० होतील आणि तुमच्या गाडीला खरोखर ३,४०,००० मिळतील. नाही म्हणाले तर कंपनीचं त्या महिन्याचं योजनापत्रक दाखवा म्हणा. महिना संपताना, पितृपंधरवड्यात आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत, म्हणजे गिऱ्हाईक कमी किंवा टार्गेट डोक्यावर असतं तेव्हा, ही विनंती ऐकली जाण्याचा संभव जास्त.

आता घरातल्या तिघांच्या म्हणण्याकडे येते, कारण तुमच्या पत्रात खरा ताण तिथे दिसतो.

तुमच्या यजमानांनी दाखवलेले ३,८५,००० म्हणजे विम्याची आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली, तर विमा कंपनी जास्तीत जास्त किती देईल, तो हा आकडा. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीसाठी त्याचा ठरीव तक्ता आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षाच्या आत १५, मग दर वर्षी वाढत जाऊन पाचव्या वर्षी ५० टक्के. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो आणि विमा कंपनी व गाडीमालक मिळून आकडा ठरवतात. तुमची गाडी त्याच्या पुढे गेली आहे. आयडीव्ही जास्त लावली की हप्ताही जास्त, म्हणजे हे ३,८५,००० तुम्हीच पैसे भरून लावून घेतले आहेत. बाजारात त्या किमतीला कुणी गाडी घेईल, असं त्यातून ठरत नाही. यजमानांनी गाडी जपून वापरली आहे, हे ५८,००० किलोमीटर आणि शून्य क्लेम यांवरून दिसतंच, आणि घेणारा त्याचे पैसे देतोही. पण २०१७ मध्ये भरलेला रोड टॅक्स, दर वर्षीचा विमा, मनासारखी बसवून घेतलेली म्युझिक सिस्टिम, यांतलं काहीच परत येत नाही.

मेहुण्यांचे चार लाख वर्षभरापूर्वी कदाचित बरोबर असतील. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्याआधी चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का उपकर होता. हा पूर्ण फायदा गिऱ्हाइकाला दिला, तर नव्या गाडीची किंमत सुमारे साडेआठ टक्क्यांनी उतरते. नवी स्वस्त झाली की जुनीलाही खाली यावं लागतं, कारण जुनी घेणारा नेहमी ‘थोडे घालून नवी का नको?’ हा विचार करत असतो. मेहुण्यांना प्रेमाने सांगा, की चार लाखांचं गिऱ्हाईक त्यांच्याकडे असेल तर अवश्य पाठवा, आम्ही आठ दिवस थांबतो. गिऱ्हाईक आलं तर सोन्याहून पिवळं. नाही आलं तर तो विषय मनातून काढून टाका.

मुलाचं म्हणणं त्याच्या गावापुरतं खरं आहे. डॅलस ज्या टेक्सस राज्यात आहे तिथे गाडीवर सव्वासहा टक्के विक्रीकर लागतो आणि जुनी गाडी दिली की कर फक्त वरच्या फरकावर आकारतात. म्हणून तिथे दहा हजार डॉलरची गाडी एक्स्चेंजमध्ये दिली तर सव्वासहाशे डॉलर थेट वाचतात, आणि बाहेर विकताना तेवढे जास्त मिळाले तरच परवडतं. आपल्याकडे तसं नाही. तुम्ही जुनी गाडी द्या अगर देऊ नका, नव्या गाडीवरचा जीएसटी आणि रोड टॅक्स पूर्ण किमतीवरच बसतो. कराच्या बाजूने एक्स्चेंजला इथे एक रुपयाचाही फायदा नाही. उलट बाहेर विकताना करात काही जाईल अशी भीती असेल, तर तीही काढून टाका. घरच्या वापराची गाडी खासगी व्यक्तीने विकली की त्यावर जीएसटी नाही आणि भांडवली नफ्याचा करही नाही.

मग शोरूम इतकं कमी का देतं? हे समजून घ्या, म्हणजे राग येणार नाही आणि घासाघीस कुठे करायची तेही कळेल. समजा, तुमची गाडी ते ३,९५,००० ला विकू शकतील. ३,१०,००० ला घेतली तर मध्ये ८५,००० दिसतात. त्यातून डेंटिंग-पेंटिंग, टायर, सर्व्हिसिंग यांचे पंचवीसेक हजार जातात. नोंदणीकृत डीलरला या मधल्या फरकावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. जानेवारी २०२५ पासून सगळ्याच जुन्या गाड्यांना हा दर आहे. गाडी दोन महिने अंगणात उभी राहिली तर गुंतलेल्या पैशांचं व्याज, जागेचं भाडं, विकणाऱ्या मुलाचं कमिशन, पुढच्या मालकाला द्यायची वॉरंटी. एवढं वजा करून जे उरतं ते काही घबाड नसतं. शिवाय आठ-नऊ वर्षांची गाडी पुष्कळ शोरूम स्वतः विकत नाहीत, दलालांच्या बोलीला लावतात. तुमच्याकडे आलेला शोरूमचा इव्हॅल्युएटर, म्हणजे किंमत ठरवणारा माणूस, फोटो काढून पाठवत होता ना? बहुधा त्या बोलीसाठीच. दलालाचाही वाटा त्यात आला. एक्स्चेंजची किंमत ही घाऊक किंमत असते, आणि सोसायटीतल्या गृहस्थांचे ३,६०,००० ही किरकोळ.

ऑनलाइन कंपनीचा आधीचा ३,६५,००० हा आकडा मॉडेल, साल आणि किलोमीटर यांवरून काढलेला अंदाज होता. गाडी डोळ्यांनी पाहिल्यावरचे ३,२८,००० हीच त्यांची खरी ऑफर. पण गंमत बघा, हे ३,२८,००० शोरूमच्या ३,४०,००० पेक्षा कमी दिसतात आणि प्रत्यक्षात जास्त आहेत. ऑनलाइनवाल्यांना देऊन नवी सुटीसह घेतलीत तर खिशातून ६,४७,००० जातील, शोरूमच्या हिशेबापेक्षा ८,००० कमी. मात्र हातात नेमके किती पडतात ते आधी विचारा. सेवाशुल्क कापतात का, आरसी बदलेपर्यंत काही रक्कम अडकवून ठेवतात का, हे करारात वाचा.

आता सोसायटीतल्या गृहस्थांबद्दल. त्यांना ३,६०,००० ला दिली आणि नवी ९,७५,००० ला घेतली, तर वरचे ६,१५,००० होतात. शोरूमपेक्षा ४०,००० कमी. ही रक्कम तुम्ही कर्जातून भरणार असाल, तर ९ टक्क्यांनी पाच वर्षांत महिन्याला ८३० रुपये आणि एकूण सुमारे ४९,८०० होतात. एवढ्या पैशांसाठी थोडी धावपळ करणं नक्की परवडतं.

पण त्यांनी सांगितलेल्या अटींवर मात्र देऊ नका. पहिली गोष्ट रोखीची. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. तुकडे करून घेतली तरी व्यवहार एकच धरला जातो. सगळे पैसे बँकेतूनच घ्या. दुसरी गोष्ट उरलेल्या १,६०,००० ची. गाडी त्यांच्या पार्किंगमध्ये आणि पैसे दोन महिन्यांनी, ही व्यवस्था एकाच सोसायटीत फार वाईट. रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या माणसाकडे पैसे मागणं तुमच्याच्याने होणार नाही, आणि मागितलेत तर संबंध बिघडतील. त्यांना आजच पूर्ण पैसे जमत नसतील, तर जुन्या गाडीवर त्यांनी कर्ज काढावं. बँका देतात, दर नव्या गाडीच्या कर्जापेक्षा जास्त असतो, पण तो त्यांचा प्रश्न. त्यांनाच दोन महिन्यांनी गाडी हवी असेल, तर दहा-वीस हजार इसार ऑनलाइन घेऊन पावती द्या आणि गाडी तोवर तुमच्याकडे ठेवा. नाहीतरी नवी यायला काही आठवडे लागतील.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आरसी त्यांच्या नावावर झाल्याशिवाय गाडी तुमच्या गळ्यातून सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केलं, की गाडी हातोहात पुढे विकली गेली असली तरी अपघाताच्या भरपाईसाठी ज्याचं नाव नोंदणीत आहे तोच मालक. म्हणून मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर यजमानांनी घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरलेली असतानाच सही करावी, कोऱ्या कागदावर नको. नोंदणी ज्याच्या नावे आहे त्यानेच, म्हणजे यजमानांनी, विक्रीची खबर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते. संगम पुलाजवळच्या आरटीओत एजंट हे काम करून देतात, पण पावती आणि अर्जाचा क्रमांक तुमच्याकडे ठेवा आणि परिवहनच्या संकेतस्थळावर नाव बदललं का, ते स्वतः बघत राहा. ताबा देताना एक साधा कागद करा: गाडी कोणत्या तारखेला किती वाजता दिली, मीटरवर किती किलोमीटर होते, दोघांच्या सह्या. त्या मिनिटानंतर सिग्नल तोडल्याचं चलन आलं, तर ते कुणाचं यावर वाद राहत नाही.

आणि ओळखीच्याला विकताय म्हणून आणखी एक. त्यांना त्यांचा मेकॅनिक घेऊन यायला सांगा, गाडी तासभर द्या, आणि क्लच जड झालाय किंवा एसी कमी लागतो, जे असेल ते आधीच सांगून टाका. सिंहगड रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये इतकी वर्षं चाललेल्या गाडीचा क्लच घासलेला असणारच, कुणालाही त्याचं नवल वाटणार नाही. नंतर कळलं तर मात्र पार्किंगमध्ये रोज ऐकावं लागेल.

इथे आणखी एक वाट आहे, ती शोरूमला जरूर विचारा. काही कंपन्या जुनी गाडी त्यांनाच द्या असा आग्रह धरत नाहीत. जुनी बाहेर विकली आणि नाव बदललेल्या आरसीची प्रत ठरावीक दिवसांत दिली, तरी एक्स्चेंज बोनस देतात. तसं असेल तर शेजाऱ्यांचे ३,६०,००० आणि बोनसचे ३०,०००, दोन्ही तुमचे. नुसता बोनस मिळाला आणि सूट नाही मिळाली, तरी वरचे ६,०५,००० होतील. मुदत किती दिवसांची आणि बोनस आधी कापून देणार की नंतर खात्यात, एवढं लिहून घ्या. ऑनलाइन कंपनीला विकलीत तर हा मार्ग अवघड, कारण पुढचं गिऱ्हाईक मिळून नाव बदलायला वेळ लागतो आणि मुदत निघून जाते.

माझं मत सांगते. शोरूमने दोन्ही सवलती एकत्र दिल्या आणि शेजाऱ्यांच्या किमतीशी फरक २०,००० च्या आत आला, तर एक्स्चेंज करून मोकळ्या व्हा. तुमची शाळा, यजमानांचं वय, दोन महिने अनोळखी फोन आणि चकरा यांची किंमत एवढी नक्कीच आहे. फरक ४०,००० चाच राहिला आणि शेजारी पूर्ण पैसे बँकेतून द्यायला तयार झाले, तर त्यांनाच द्या.

कुणालाही दिलीत तरी काही कामं आधी करावीच लागतील, आणि ती आजपासून सुरू करा. कर्ज फिटलं तरी आरसीवरचा बँकेचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेकडून एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्यावा लागतो आणि आरटीओत अर्ज करावा लागतो. २०२२ ची जुनी एनओसी कपाटात असली, तरी तिची मुदत गेलेली असेल, नवी मागा. हा बोजा तसाच असेल तर शेजाऱ्यांना कर्जही मिळणार नाही आणि शोरूमचा माणूस तेच कारण दाखवून किंमत पाडेल. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असल्यामुळे उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागेल. ती नसेल तर आरटीओतलं काम अडतं. थकलेली ई-चलनं भरा. पीयूसी चालू ठेवा.

गाडीवर खर्च मात्र जपून करा. आतून-बाहेरून स्वच्छ धुऊन घेणं, दुसरी किल्ली शोधणं, सर्व्हिसिंगची बिलं एका फाइलमध्ये लावणं, यांचे पैसे वसूल होतात. दुसरी किल्ली नसली की घेणारा हमखास काही हजार तोडतो. नवे टायर घालू नका, त्यांचे पूर्ण पैसे कुणी देत नाही. दार किंवा बॉनेट रंगवून तर अजिबात घेऊ नका. रंगाची जाडी मोजायचं यंत्र इव्हॅल्युएटरच्या खिशात असतं. किरकोळ ओरखडा झाकायला लावलेला रंग त्याला अपघाताची खूण वाटतो आणि ओरखड्यापेक्षा जास्त पैसे कापले जातात.

आता तुम्ही विचारलेलं नाही, पण पैशाच्या दृष्टीने मोठं आहे असं एक. एवढी वर्षं क्लेम नाही म्हणजे यजमानांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असणार. हा बोनस गाडीचा नसतो, विमा ज्याच्या नावावर आहे त्या माणसाचा असतो. गाडी दिली की विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्यायचं. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या विम्यात वापरता येतं. पण नवी गाडी तुमच्या नावावर घेतलीत, तर ह्यांचा बोनस तुम्हाला लागू होणार नाही. हयात पतीचा बोनस पत्नीच्या नावावर वळवता येत नाही. ही सूट विम्यातल्या फक्त स्वतःच्या नुकसानीच्या भागावर असते, सक्तीच्या तीन वर्षांच्या थर्ड पार्टी भागावर नाही. तो भाग समजा १८,००० चा असेल, तर पहिल्या वर्षी ९,००० चं नुकसान.

तरीही नवी गाडी तुमच्या नावावर असावी अशी इच्छा असेल, तर नऊ हजारांसाठी ती सोडू नका असंच मी म्हणेन. पगार तुमचा आहे, कर्ज काढलंत तर हप्ते तुम्हीच भरणार आहात, गाडी तुमच्या नावावर असण्यात काही वावगं नाही. फक्त जुनी पतीच्या आणि नवी पत्नीच्या नावावर असली तर एक्स्चेंज बोनस देता ना, हे शोरूमला विचारून घ्या. जवळच्या नात्यात तो सहसा देतात, लग्नाचा दाखला किंवा आधार मागतात. ह्यांचं नो क्लेम बोनसचं पत्र मात्र तरीही काढून ठेवा, तीन वर्षांत त्यांच्या नावावर दुसरी गाडी आली तर उपयोगी पडेल. आणि शेजाऱ्यांनी तुमचीच पॉलिसी पुढे चालवायची ठरवली, तर उरलेल्या दिवसांच्या नो क्लेम बोनसचा फरक त्यांना भरावा लागेल. हे त्यांना आधीच सांगा, म्हणजे नंतर गैरसमज होणार नाही.

शेवटी एक्स्चेंजच ठरलं, तर दोन गोष्टी पाहा. आज सांगितलेले ३,१०,००० नवी गाडी हातात येईपर्यंत कायम राहतील, असं बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या. वेटिंग लांबलं की डिलिव्हरीच्या दिवशी पुन्हा मूल्यमापन करून किंमत उतरवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, आणि तेव्हा आपण हार-पेढे घेऊन उभे असतो, मागे फिरता येत नाही. दुसरं म्हणजे एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरला की पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत कायद्याने तोच गाडीचा मालक मानला जातो. ‘आम्ही नंतर करून देऊ’ यावर थांबू नका. तुमच्यासमोर तो भरून त्याची पोच घ्या, आणि दोन्ही किल्ल्या त्यानंतरच द्या.